विमल तायडे यांचा राजीनामा

मार्च २००६च्या दुसऱ्या आठवड्यात विमल तायडे हिने एकतीस एक्स-रे फिल्म एका गव्हाच्या पिशवीत घातल्या आणि सिटी बसने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिल्या. फिल्म तिच्या नव्हत्या. त्या श्री केसरदेवी पारमार्थिक न्यासाच्या इस्पितळाच्या होत्या. त्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात विमल रेकॉर्ड क्लार्क होती. चौदा वर्षं.

फिल्म एकतीस माणसांच्या छातीच्या होत्या. सगळे जयपूरबाहेर कानोत्याच्या पुढच्या एकाच गिरणीत कामाला. ही गिरणी धान्याची नव्हे, गारगोटीची. पांढरा दगड दळून त्याची पिठासारखी भुकटी करायची, ती टाइल, काच आणि रंगाच्या कारखान्यांना जायची. एकतीसही जणांच्या रिपोर्टवर एकच निदान होतं: जुना क्षय. एकतीसही जणांच्या थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते. क्षयाच्या गोळ्या कुणी नऊ महिने घेतल्या, कुणी दीड वर्ष. बरं कुणीच झालं नाही. नऊ जण गेले. त्यांच्या फिल्मच्या नऊ पाकिटांवर लाल शाईने ‘मृत’ असं विमलनेच लिहिलं होतं.

आदल्या वर्षी एक तरुण डॉक्टर दोन आठवड्यांसाठी बदलीवर आला होता. त्याने यातली एक फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाला, “ये टीबी नहीं है. ये तो पत्थर है.” मग त्याने आजाराचं नाव सांगितलं. विमलने ते ऐकलं तसं डायरीत लिहून घेतलं: सिलिकोसिस. डॉक्टर पुन्हा आला नाही. विमल मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत रॅक चाळू लागली आणि त्या गिरणीचा पत्ता असलेली पाकिटं वेगळी काढू लागली.

हे करायला तिला आठ महिने लागले. काम जड नव्हतं. गिरणी न्यासाची होती, म्हणून वेळ लागला.

हे इस्पितळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. न्यास स्थापन करणाऱ्या शेठजींनी पन्नास वर्षांपूर्वी आपल्या कंपन्यांचे बहुतेक शेअर न्यासाच्या नावे करून टाकले होते. तेव्हापासून सिमेंट, टाइल, भुकटी आणि दोन हॉटेलं यांचा मालक कुणी माणूस नव्हता, धर्मादाय न्यास होता. कंपन्यांचा नफा न्यासाकडे यायचा, न्यासाला आयकर नव्हता, जमीन सरकारने नाममात्र भाड्याने दिलेली. त्या पैशावर तीनशे खाटांचं इस्पितळ, चाळीस शाळा आणि एक इंजिनिअरिंग कॉलेज चालायचं. दोन जिल्ह्यांच्या पाणी योजनेला सरकारजवळ पैसा नव्हता, तेव्हा रोखे न्यासाने घेतले. अर्थसंकल्पाआधी सल्ल्यासाठी ज्यांना बोलावणं जायचं, त्यांत न्यासाचे सचिव असायचे. विमलच्या पित्ताशयाचं ऑपरेशन याच इस्पितळात फुकट झालं होतं. तिची मुलगी गौतमी तीन वर्षं न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकली होती.

निरीक्षक माथुर यांनी फिल्म मोजून घेतल्या आणि शिक्का मारलेली पावती दिली.

“तक्रारदार तुम्ही एकट्याच?” त्यांनी हिंदीत विचारलं. “मजुरांपैकी कुणी नाही?”

“ते घाबरतात, साहेब. औषध तिथूनच मिळतं.”

माथुरांनी अर्ज पुन्हा वाचला. चोवीस एप्रिलला बाहेरच्या डॉक्टरांचं मंडळ या फिल्म बघेल, असं त्यांनी सांगितलं. सिलिकोसिस ठरला तर गिरणीला धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवावी लागतील, जिवंत असलेल्यांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई द्यावी लागेल. जिवंत माणसाची फिल्म पुन्हा काढता येते. जे नऊ जण गेले, त्यांचा पुरावा मात्र एवढाच होता.

“टिकी रहना, मैडम,” ते म्हणाले. “जब तक आप खड़ी हैं, फाइल खड़ी है.”

तिसऱ्या आठवड्यात तायड्यांच्या रेल्वे क्वार्टरवर हवालदार आला. इस्पितळाच्या मालकीच्या एकतीस फिल्म चोरीला गेल्याचा अर्ज न्यासाने ठाण्यात दिला होता. गुन्हा अजून नोंदवलेला नव्हता. “बात कर लो उनसे,” एवढं सांगून आणि पाणी पिऊन हवालदार गेला.

विमलचा नवरा दशरथ रेल्वेच्या डबे दुरुस्तीत सीनियर टेक्निशियन होता. मूर्तिजापूरहून बदली होऊन जयपूरला त्याला एकोणीस वर्षं झाली होती, पण घरातली बोली मूर्तिजापूरचीच राहिली होती.

“तुले म्या सांगतलं होतं, झेरॉक्स काढ.”

“एक्स-रेची झेरॉक्स निघते काय हो?”

“मंग फोटो काढाचा. माह्यी सरकारी नोकरी हाय. बायकोवर चोरीची केस लागली तं डिपोत तोंड कसं दाखवू?”

“चोरीचा माल कोणी सरकारच्या दारात नेऊन पावती घेते काय?”

एकोणीस वर्षांची गौतमी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मी बरोबर आहे. पप्पा, आप ना, डरते बहुत हो.”

“घरात मराठीत बोल,” दशरथ म्हणाला.

“तुम्ही खूप डरता.”

“घाबरता,” विमलने दुरुस्त केलं आणि तिघंही हसली. त्या महिन्यातलं ते शेवटचं हसणं.

दोन दिवसांनी न्यासाच्या मालवीय नगरमधल्या ऑफिसातून बोलावणं आलं. सचिव पुरोहितजी आधी सरकारी सेवेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा मागवला आणि दशरथला त्याच्या डिपोतल्या पाण्याच्या टंचाईबद्दल विचारलं. आवाज एकदाही चढला नाही.

मग ते विमलकडे वळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भुकटीची गिरणी थांबली तर टाइलचा कारखाना थांबतो. टाइलचा कारखाना थांबला तर डायलिसिसच्या सोळा खाटा थांबतात, कारण त्या खाटांचा खर्च त्याच नफ्यातून येतो. यात कुणाच्या घरी एक पैसा जात नाही.

त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “सोलह लोगों को मना करना पड़ेगा. आप ही बता दीजिए किसको करूँ. नाम लिख दीजिए.”

विमलने कागदाला हात लावला नाही. डायलिसिसचे पेशंट तिला चेहऱ्याने ठाऊक होते. आठवड्यातून दोनदा ते तिच्याच खिडकीसमोरून जात. मग ती म्हणाली, “उन इकतीस लोगों के नाम किसने लिखे थे, साहब?”

पुरोहितजींनी चष्मा काढून पुसला.

“हमें थाने-वाने नहीं जाना,” ते म्हणाले. “आप राजीनामा कर लीजिए, हम अपना कागज उठा लेंगे. बात खत्म.”

“राजीनामा?”

“हाँ जी, राजीनामा.”

“बस इतना ही?”

“बस इतना ही.”

“कर देती हूँ,” विमल म्हणाली.

पुरोहितजींना थोडं नवल वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी या बोलण्यांसाठी बहुधा जास्त दिवस धरले होते.

बाहेर रस्त्यावर आल्यावर दशरथने मोठा श्वास सोडला. “चौदा वर्षं झाले तुले.”

“झाले तं झाले. नोकरी घेतात तं घेऊ द्या. फिल्म माथुर साहेबांजवळ हाय. तक्रार तिथंच हाय.” ती भराभर चालत होती. “मले वाटलं होतं, तक्रार मागं घे म्हणतीन. त्यायच्या ते ध्यानातच नाही आलं.”

“मोठे लोक,” दशरथ म्हणाला. “त्यायले वाटते, नोकरी गेली की माणूस संपला.”

घरी येऊन विमलने गौतमीला सांगितलं, “मी राजीनामा देऊन राह्यली.”

गौतमीने वर पाहिलं. “तू? राजीनामा?”

“हो.”

“आणि ते लोक? जे मेले ते?”

“त्यायच्यासाठीच तं देते.”

“वा,” गौतमी म्हणाली. “उनके लिए!” ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. घरातला एक पगार जाणार म्हणून पोरगी बिथरली असेल, असं विमलला वाटलं. दाराशी उभं राहून ती म्हणाली, “तुह्या फीचं पाहू आपण. मी दुसरी नोकरी शोधते.”  पुढचे तीन दिवस गौतमी आईशी कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी ठाण्याबाहेरच्या टायपिस्टकडे कागद तयार झाला. स्टॅम्प पेपरवर वर मधोमध मोठ्या अक्षरांत ‘राजीनामा’. खाली दोन ओळी हिंदीत: ‘प्रार्थिया श्रीमती विमल पत्नी श्री दशरथ तायडे बिना किसी दबाव के, अपनी इच्छा से राजीनामा पेश करती है. अब प्रार्थिया कोई कार्यवाही नहीं चाहती.’

विमलने तो दोनदा वाचला. चौदा वर्षं तिने एकही कागद न वाचता पुढे पाठवला नव्हता. दुसऱ्या ओळीवर तिने बोट ठेवलं. “ये कार्यवाही क्यों लिखा?”

“वो तो लिखना ही पड़ता है, मैडम,” टायपिस्ट म्हणाला. “हर राजीनामे में रहता है.”

नोकरी सोडल्यावर न्यासाकडे पुन्हा काही मागणार नाही, असा तिने त्याचा अर्थ लावला आणि सही केली. साक्षीदार क्रमांक एक म्हणून दशरथने सही केली. न्यासाच्या माणसाने चोरीचा अर्ज तिच्यासमोर फाडला आणि अभिनंदन केलं. नोकरी जाताना अभिनंदन कसलं, असं विमलच्या मनात आलं. पण इथल्या लोकांना हात जोडून काहीतरी गोड बोलायची सवय असते, म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

सोमवारी पावणेदहाला फोन वाजला. इस्पितळाच्या काउंटरवरची सुधा शर्मा होती, दहा वर्षांची मैत्रीण.

“विमलजी, आज आई नहीं? तबीयत ठीक है?”

“सुधा, मैंने राजीनामा दे दिया ना.”

“हाँ, पता है. सब खुश हैं. अब काहे की नाराजगी? नौकरी थोड़े ही छोड़ी है.”

विमलने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“हैलो?”

“राजीनामा मतलब... इस्तीफा,” विमल म्हणाली.

पलीकडून सुधा हसली. “अरे, इस्तीफा क्यों? राजीनामा मतलब समझौता. थाने में, कचहरी में होता है ना. दो पार्टी राजी हो गईं, झगड़ा खत्म, शिकायत वापस. आपको किसने कहा इस्तीफा?”

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. लहानपणापासून विमलला तो शब्द ठाऊक होता आणि त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. दशरथलाही. रेल्वेच्या कागदावर ‘त्यागपत्र’ असायचं, बाजारात ‘इस्तीफा’ म्हणायचे. पुरोहितजींच्या तोंडून राजीनामा ऐकल्यावर मोठा माणूस कायद्याचा शब्द वापरतो आहे, एवढंच दोघांना वाटलं. कोर्टकचेरीची पायरी ते कधी चढले नव्हते. म्हणून तडजोडीच्या कागदाला इथे काय म्हणतात, हे एकोणीस वर्षांत त्यांच्या कानावर आलं नव्हतं. गौतमी याच शहरात जन्मली आणि हिंदी वर्तमानपत्रं वाचत मोठी झाली. तिला दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“मम्मी, तुला मतलब... तू नोकरी सोडत होतीस?”

“तुले काय वाटलं होतं?”

गौतमी दारातून पुढे आली. मग म्हणाली, “मला वाटलं, तू बिक गई.”

तासाभरात दोघी निरीक्षकांच्या कार्यालयात होत्या. माथुरांनी फाइल काढून दाखवली. राजीनाम्याची प्रत शुक्रवारी दुपारी चारला खास माणसाबरोबर आली होती. तक्रारदाराला कार्यवाही नको, म्हणून प्रकरण बंद. फिल्म ज्याच्या त्याला परत, म्हणजे इस्पितळाला. पोच घेतलेली होती. सगळं नियमाप्रमाणे होतं.

विमलने शब्दाचं सांगितलं. माथुर शेवटपर्यंत ऐकून घेत होते, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

“मैं मान लेता हूँ, मैडम,” ते म्हणाले. “लेकिन कागज को मराठी नहीं आती.”

“मी दुसरा अर्ज देते.”

तिचा अर्ज आता चालणार नव्हता. एकदा मागे घेतलेली तक्रार तीच व्यक्ती त्याच कारणासाठी पुन्हा देऊ लागली, तर न्यासाचा वकील पहिल्याच दिवशी राजीनामा पुढे करेल, असं त्यांनी समजावलं. मजुरांपैकी कुणीतरी स्वतःच्या नावाने द्यावा, सरकारी दवाखान्यात नवी फिल्म काढून. एकाने दिला तरी चालेल.

“आणि ते नऊ?”

“जुन्या फिल्म मिळाल्या तर बघू.”

बाहेरच्या बूथवरून विमलने सुधाला फोन लावला. फिल्म शनिवारी इस्पितळात परत आल्या होत्या. शनिवारीच रद्दीचा लॉट निघाला. तीन वर्षांहून जुन्या फिल्म चांदीवाल्याला विकायच्या, असा नियम होता. फिल्मवर चांदीचा थर असतो, तो रसायनात धुऊन काढून घेतात. लॉटच्या यादीवर एरवी विमलची सही लागायची. या वेळी दुसऱ्या कुणाची चालली. एकतीसपैकी बऱ्याच फिल्म तीन वर्षांच्या आतल्या होत्या, हे सुधाला माहीत होतं की नाही, ते तिने सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मायलेकी कानोत्याला गेल्या. तिथून जीपने पुढे आणि मग पायी. गौतमीने अर्ज आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, स्वच्छ हिंदीत. खाली नावाची जागा कोरी. त्यात एकही असा शब्द नव्हता, ज्याचे दोन अर्थ होतील. तिने तो आईला चार वेळा वाचून दाखवला होता.

रामफूल बैरवा छत्तीस वर्षांचा होता. अकरा वर्षं त्याने गिरणीच्या तोंडात दगड टाकले होते. त्याचा थोरला भाऊ कजोड त्या नऊ जणांतला. रामफूल अंगणात खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, कारण आडवं झालं की त्याला श्वास घेता येत नव्हता. बायकोला हाक मारायची, तरी तो आधी थांबून श्वास गोळा करायचा. त्याची बायको भूरी हिने पाणी आणलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

विमलने पहिल्यापासून सगळं सांगितलं. शब्दापाशी आल्यावर रामफूल हसला आणि त्याला जो खोकला आला तो बराच वेळ थांबेना. भूरीने त्याची पाठ धरली.

“तो आपके उधर,” श्वास जमल्यावर त्याने विचारलं, “नौकरी छोड़ने को राजीनामा बोलते हैं?”

“हो. हाँ.”

“बिना राजी हुए भी?”



गौतमीने अर्ज पुढे केला. “भैया, इसमें बस आपका नाम चाहिए. एक्स-रे हम करवा देंगे, सरकारी में. एक आदमी भी दे दे तो फाइल फिर खुल जाएगी.”

रामफूलने कागद घेतला नाही. त्याने भूरीकडे पाहिलं.

“शनिवार को फैक्ट्री के मुनीमजी आए थे,” भूरी म्हणाली. “गाड़ी लेकर. बोले, अस्पताल वाली मैडम ने भी राजीनामा कर लिया. आपका दस्तखत दिखाया. आपके आदमी का भी.”

“मग?” विमल मराठीतच म्हणाली.

“हमने सोचा, बहनजी पढ़ी-लिखी हैं,” रामफूल म्हणाला. “इतने महीने हमारे लिए दौड़ीं. कुछ देखकर ही किया होगा. आप राजी, तो हम भी राजी.”

“कितने जणांनी?”

“सबने. बाईस हम, और नौ घरों की औरतें. भाभी का अँगूठा तो मैंने ही पकड़कर लगवाया, वो रो रही थी.”

गौतमीने अर्जाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

“काय दिलं त्यांनी?” विमलने विचारलं आणि मग हिंदीत, “बदले में क्या दिया?”

भूरी आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक हिरवं कार्ड घेऊन आली. न्यासाचं बोधचिन्ह, फोटो, शिक्का. विमलने ते हातात घेतलं. असली कार्डं ती चौदा वर्षं खिडकीतून घेत आली होती. उपचार: संपूर्ण निःशुल्क. रोग: क्षय, पुराना. मुदत: आजीवन.

“बहनजी, नाम ठीक लिखा है ना?” रामफूलने विचारलं. “पिछली बार रामपाल लिख दिया था. खिड़की से लौटा दिया, दवाई नहीं मिली.”

विमलने कार्ड उन्हाकडे धरलं आणि अक्षरावर बोट ठेवत पूर्ण नाव वाचलं. वडलांचं नाव वाचलं, गाव वाचलं.

“नाम ठीक है,” ती म्हणाली.